अ बिन ब : वंशावळीच्या शोधाच्या नोंदी

९ जून २०२४

काकांच्या घरी काचेच्या चौकटीत वंशवृक्ष टांगलेला आहे. बुंध्याशी मूळ पुरुष, फांद्यांवर मुलगे, पानांवर नातू. १९६० च्या आसपास बाबांच्या एका चुलत चुलत्यांनी तो शाईने काढला. लहानपणापासून बघत आले, पण वाचला कधी नव्हता. आज मोबाइलवर फोटो मोठा करून वाचला, शेजारी कागद घेऊन सालं मांडली आणि गाडी अडली.

वहीत घरची नावं लिहायची नाहीत, ही काकांची अट. जमीन अजून तीन घरांत सामाईक आहे, आणि जुने कागद म्हटले की सगळ्यांचे कान टवकारतात. म्हणून क्रमांक: मी १, बाबा २, आजोबा ३, पणजोबा ४. पणजोबांच्या वडिलांना 'अ' म्हणते, त्यांच्या वडिलांना 'ब'. जुन्या कागदांत 'अ बिन ब' म्हणजे 'ब'चा मुलगा 'अ'. झाडावर 'ब' हेच मूळ पुरुष.

आता हिशेब. पणजोबा १९६७ साली ७२ व्या वर्षी गेले, हे बाबांना पक्कं आठवतं. म्हणजे जन्म १८९५ च्या आगेमागे. 'अ' मानमोडीच्या (इन्फ्लुएंझाच्या) साथीत गेले, म्हणजे १९१८. काकांच्या ट्रंकेत 'अ'च्या नावाचा एक मोडी कर्जरोखा आहे. त्याच्या पाठीवर झाड काढणाऱ्या आजोबांनी पेन्सिलीने लिहून ठेवलंय: शके १७७९. त्यात ७८ मिळवले की १८५७. कर्ज घेणारा माणूस निदान विशीतला धरला, तर मुलगा झाला तेव्हा 'अ' ५८ वर्षांचे आणि वारले तेव्हा ८१.

अशक्य नाही. पण आत्या सांगते, "पाभर सोडून दुपारीच घरी आले, अंगात फणफणून ताप, तिसऱ्या दिवशी गेले." ८१ व्या वर्षी रब्बीच्या पेरणीला पाभर धरणारा गडी मी तरी ऐकलेला नाही.

२२ जून

पहिला धडा: शोध स्वतःपासून मागे न्यायचा. मूळ पुरुषापासून खाली यायला निघालं की आपण गोष्ट रचायला लागतो.

२ आणि ३ चं काम पटकन झालं. आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मिळाला, जन्मतारीख १ जून. अर्थातच. त्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस गुरुजींनी १ जूनला लावून दिलाय. तारीख सोडून द्यायची, साल तेवढं धरायचं.

सातबारा ऑनलाइन आहे, जुने स्कॅन केलेले फेरफारही (जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी) सरकारी संकेतस्थळावर आहेत. पण सातबाऱ्यावर आज गट नंबर दिसतो, आणि आमच्या गावात गट पडले ते एकत्रीकरणात (कायदा १९४७ चा, गावात योजना लागू झाली त्यानंतर बऱ्याच वर्षांनी). त्याआधीचा प्रत्येक कागद सर्व्हे नंबरवर चालतो. त्यामुळे पहिलं काम म्हणजे एकत्रीकरणाच्या पत्रकावरून आमच्या गटाचे जुने सर्व्हे नंबर काढणं. ते दोन निघाले. हे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवले, कारण यापुढे माणसांची नावं फसवतील, जमिनीचा नंबर फसवणार नाही.

४ जुलै

तहसील कार्यालयाचा अभिलेख कक्ष. कोणत्या तालुक्याचा ते लिहीत नाही, कारण पहिल्या खेपेला अर्ज 'सापडत नाही' असा शेरा मारून परत आला आणि दुसऱ्या खेपेला त्याच रॅकवर ती वही मिळाली.

२०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधायला राज्यभरचे गठ्ठे उपसले गेले. त्या कामाबद्दल कुणाचं काही मत असो, माझ्यासारखीचा एक फायदा झाला. फडकी सुटली, धूळ झटकली गेली, कुठल्या गावाची कुठली वही शिल्लक आहे याच्या याद्या झाल्या. मोडी वाचणाऱ्या माणसांना तर अचानक भाव आला. माझ्या मोडीच्या सरांना ७४ व्या वर्षी रोज चार फोन येतात.

मला हवा होता गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही. जुनी माणसं त्याला कोतवाल बुक म्हणतात. मोठ्या आशेने पणजोबांचा जन्म शोधायला घेतला आणि कळलं की जन्माच्या रकान्यात मुलाचं नावच नसतं. बापाचं नाव, 'मुलगा' किंवा 'मुलगी', तारीख, जात, संपलं. नोंद व्हायची तेव्हा बारसं झालेलं नसायचं. १८९५-९६ ची पानं वाळवीने एकमेकांना चिकटलेली. ती ओढली नाहीत. 'अ'ला मुलगा झाल्याच्या दोन नोंदी मिळाल्या, १८९३ आणि १८९८ च्या. दोन्हींपैकी पणजोबा कोण, की मधल्या चिकटलेल्या पानात, हे नमुना १४ सांगत नाही.

१८ जुलै

मृत्यूची वही, १९१८.

एरवी आमच्या गावात महिन्याला चार-दोन नोंदी. सप्टेंबरपर्यंत तसंच चालतं, कारणाच्या रकान्यात कधी हगवण, कधी ताप, एखादी इजा. मग ऑक्टोबर. पान उलटलं तरी ऑक्टोबर, पुन्हा उलटलं तरी ऑक्टोबरच. सुरुवातीला 'ताप' पूर्ण लिहिलंय, पुढे नुसत्या वरच्या शब्दाच्या खुणा. एका पानानंतर अक्षर बदलतं. लिहिणारा दमला, आजारी पडला की स्वतःच पुढच्या ओळीत गेला, कळायला मार्ग नाही. मी तिथे बराच वेळ नुसती बसून राहिले. शिपाईमामांनी विचारलं, "ताई, मिळालं का?"

मिळालं. 'अ बिन ब, वय ४८, ताप.'

४८. ही संख्या महत्त्वाची. या वह्यांत वयं अंदाजाने असतात आणि अंदाज नेहमी गोल असतो: ३०, ४०, ५०, ६०. ४८ लिहिणाऱ्याला काहीतरी ठाऊक असावं. दोन-तीन वर्षं इकडे तिकडे धरली तरी जन्म १८७० च्या सुमारास. पाभर धरणारा गडी जुळला.

मग १८५७ साली कर्ज काढणारा 'अ बिन ब' कोण?

२ ऑगस्ट

काकांनी कर्जरोखा दाखवायला तयार व्हायला तीन आठवडे लावले. "तुला कशाला पाहिजे मूळ कागद? फोटो काढ आणि दे परत." फोटो काढला. चार बाजूंनी, उन्हात तिरपा धरून, पाठीमागून उजेड देऊन.

मोडी शिकते आहे. अक्षरओळख महिनाभरात होते आणि मग कळतं की आपल्याला काहीच वाचता येत नाही. आधी पानभर आडव्या रेघा मारायच्या आणि त्यांना लटकवून, लेखणी न उचलता लिहीत सुटायचं, अशी ती लिपी. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा धरबंध नाही, अनुस्वार लेखकाच्या मर्जीवर. 'मौजे'चं 'मौ॥', आणि असले संक्षेप ओळीओळीला. 'ध'चा 'मा' करायला आनंदीबाई लागत नाही, मी एकटी पुरेशी आहे.

सरांची पद्धत: न कळलेलं अक्षर ओढूनताणून लावायचं नाही. तिथे टिंब द्यायचं, पुढे जायचं, तेच वळण त्याच कागदात दुसरीकडे ओळखीच्या शब्दात सापडतं का ते बघायचं. प्रत्येक लेखकाचं मोडी वेगळं असतं. एक कागद वाचला म्हणजे एका माणसाचा हात वाचला.

११ ऑगस्ट

कर्जरोख्याची तारीख. हे मला नीट लिहून ठेवायचंय.

पेन्सिलीने 'शके १७७९' लिहिलेलं आहे ते कागदाच्या पाठीवर. मूळ मजकुरात दशकाच्या आकड्याच्या जागी वाळवीचं भोक आहे. म्हणजे प्रत्यक्षात आहे ते 'शके १७-९ पिंगल नाम संवत्सरे मार्गशीर्ष शुध ५'. ७ हा आकडा झाड काढणाऱ्या आजोबांनी घातला. कशावरून?

मला वाटलं, सोपं आहे, संवत्सरावरून काढू. साठ संवत्सरं ठराविक क्रमाने फिरतात, शके आणि संवत्सर जुळलंच पाहिजे. भोकात ० ते ९ सगळे आकडे घालून पाहिले. आठ गळाले. दोन उरले: १७१९ आणि १७७९. दोन्ही पिंगल!

पाच मिनिटं डोकं चालेना, मग हसू आलं. दोघांत बरोबर ६० वर्षांचं अंतर आहे. चक्र साठ वर्षांचं. दशकात १ आणि ७ यांच्यात अडलं तर संवत्सर काही सांगूच शकत नाही, तिथेच नेमकी वाळवी लागली.

शके १७१९ म्हणजे १७९७, दुसऱ्या बाजीरावाचा काळ. शके १७७९ म्हणजे १८५७. पहिलं खरं असेल तर हा 'अ' खूपच वरचा, घराणं एकदम आणखी दोन पिढ्या मागे जातं. काका खूश होतील. मला स्वतःलाही ते खरं असावंसं वाटतंय, म्हणून जास्त सावध राहायला हवं.

पेशवाईतल्या कागदावर पुष्कळदा शुहूर सन असतो, अरबी शब्दांत: समान तिसैन मया व अलफ, म्हणजे ८ + ९० + १०० + १०००, ११९८. त्यात ५९९ मिळवले की १७९७. या कागदावर शुहूर सन नाही. पण खाजगी कर्जरोख्यात तो नसला म्हणून काही सिद्ध होत नाही. वार लिहिला असता तर जुन्या पंचांगावरून निकाल लागला असता. वार नाही. वरचा कोपरा फाटलेला, तिथे सरकारी छाप असेल तर तीही गेली.

२५ ऑगस्ट

दोन आठवडे एकाच ओळीत अडकले होते. 'रुपये ४० ... मुदत ...' यातल्या पहिल्या रिकाम्या जागेचा मी 'कापणी' असा अर्थ लावला होता. कर्ज घेतलं, कापणीला फेडू. शेतकऱ्याच्या कागदात किती शोभून दिसतं! सरांना अभिमानाने दाखवलं.

सर म्हणाले, "काना कुठाय?"

काना नाही. 'कपनी' आहे. पुढचं अक्षर मी 'स' वाचलं होतं, तेही 'छ'. अनुस्वार लिहिणाऱ्याने गिळलाय. 'रुपये ४० कंपनी छाप.'

संपलं. ईस्ट इंडिया कंपनीचा सगळीकडे एकसारखा रुपया आला १८३५ च्या कायद्याने. त्याआधी प्रत्येक टांकसाळीचा रुपया वेगळा, चांदवडी वेगळा, अंकुशी वेगळा, एकाचा दुसऱ्यात बट्टा. म्हणून तर रोख्यात नाणं कुठलं हे लिहायची रीत होती. १७९७ साली आमच्या मुलखातला सावकार कंपनी छाप रुपये ४० देत नाही. कागद शके १७७९ चाच, म्हणजे १८५७ चा नोव्हेंबर-डिसेंबर.

पेन्सिलवाल्या आजोबांचा आकडा बरोबर होता. त्यांनी तो कसा काढला ते त्यांनी लिहून ठेवलं असतं तर माझे पंधरा दिवस वाचले असते. मी मात्र लिहून ठेवते आहे.

तर दोन 'अ' आहेत. एक १८५७ साली कर्ज काढणारा, एक १८७० च्या सुमारास जन्मलेला. दोघांच्या बापाचं नाव 'ब'. आजोबाचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत, त्यामुळे अ-ब-अ-ब अशी साखळी चालली की 'बिन' लावून काही उपयोग नाही. आजोबा आणि नातू, दोघेही 'अ बिन ब'. मधला एक 'ब' हरवलाय.

१९ सप्टेंबर

१९१९ चा वारस फेरफार मिळाला. बालबोध (देवनागरी), सुंदर अक्षर. 'मयत अ बिन ब यांचे वारस', खाली दोन मुलगे. थोरला म्हणजे पणजोबा, वय २४. म्हणजे चिकटलेल्या पानातले. धाकटा ११ वर्षांचा, 'अ.पा.क. आई' आणि पुढे तिचं नाव. अज्ञान पालनकर्ता, म्हणजे अल्पवयीन मुलाची पालक. घरात त्या बाईचं नाव कुणालाही माहीत नव्हतं. आत्यालासुद्धा नाही, आणि आत्याची ती पणजी.

बायका या कागदांत कधी दिसतात याचा एक ढोबळ अंदाज आता आलाय. नवरा मेला आणि मूल अज्ञान असलं तर. नाहीतर नाही. १९५६ च्या वारसा कायद्यानंतर मुली वारस म्हणून येतात, आणि आमच्याकडे तरी लगेच पुढच्या फेरफारात हक्कसोड करून जातात. आजोबांच्या वारस नोंदीत आत्याचं नाव एका ओळीत लागलंय आणि पुढच्या फेरफारात कमी झालंय. आत्याला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "हो, सही करायला गेले होते की. येताना साडी घेतली होती भावाने."

फेरफारांची नोंदच मुळात मुंबई इलाख्यात १९०३ च्या हक्कनोंदणी कायद्याने सुरू झाली. त्यामागे हा रस्ता जात नाही. दुसरा धरायला हवा.

१० ऑक्टोबर

पुण्याला पेशवे दफ्तरात जा, असं आतापर्यंत पाच जणांनी सुचवलं. तिथे जाण्यात अर्थ कुणाला? ज्यांच्याकडे वतन होतं, इनाम होतं, त्यांना. इंग्रजांनी १८५२ च्या कायद्याने इनामांची चौकशी मांडली, तेव्हा इनामदारांना आपला हक्क कसा आला ते सांगावं लागलं, आणि ते सांगताना वंशावळी द्याव्या लागल्या. कैफियती, करीने, महजर (जबान्या, हकिकती, निवाडे), त्यात पाच-सात पिढ्या सहज मिळतात. भांडण झालं की वंशावळ तयार होते. आमच्या घराण्याने पेशवे सरकारात भांडण्याइतकं कधी काही मिळवलंच नाही. रयत माणूस. त्याचा माग दफ्तराच्या रुमालांत (कागदांच्या गठ्ठ्यांत) नाही, शेतात आहे.

म्हणून मोजणीचे कागद. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३५ च्या सुमारास इंदापुरापासून जी मोजणी सुरू केली, ती तालुक्यागणिक पसरत गेली. आकार (म्हणजे सारा) ठरला की तो साधारण तीस वर्षांसाठी, मग फेरमोजणी. म्हणजे एकाच शेताचे तीस वर्षांच्या अंतराने दोन फोटो. मला नेमकं १८५७ आणि १८९० च्या मधलं बघायचंय.

७ नोव्हेंबर

भूमी अभिलेख कार्यालयात तीन हेलपाटे. टिपण, प्रतिबुक, आकारफोड, गुणाकार अशी एकेका गठ्ठ्याची नावं पाठ झाली. बहुतेक मोडीत. कारकून भला माणूस, पण मोडी येत नाही, त्यामुळे 'कुठलं पान?' याचं उत्तर मलाच द्यावं लागलं. सर्व्हे नंबर आकड्यांत असतो म्हणून निभावलं.

पहिल्या मोजणीची कब्जेदारांची यादी, १८५० च्या दशकातली. आमच्या दोन्ही सर्व्हे नंबरांसमोर: अ बिन ब. हा कर्जरोख्यातला थोरला अ. इथवर अपेक्षेप्रमाणे.

फेरमोजणीची यादी, १८८० च्या दशकातली. तेच दोन नंबर. मी 'ब बिन अ' शोधत होते. हरवलेला मधला 'ब' इथे असायलाच हवा होता. नव्हता. समोर जे नाव होतं ते वाचता येईना, म्हणजे अक्षरं लागत होती पण माझ्या डोक्यातल्या नावाशी जुळत नव्हती. सरांचं ऐकून टिंबं दिली, खाली गेले, वर आले.

'क कोम ब.'

कोम म्हणजे बायको. खातेदार बाई आहे. मधल्या 'ब'ची विधवा.

फेरमोजणीच्या वेळी धाकटा अ चौदा-पंधरा वर्षांचा असणार, खातं त्याच्या नावावर येण्याच्या आधीची ही वर्षं. नवरा गेलेला, सासरा गेलेला (नातवाला त्याचं नाव ठेवलंय, आणि आजोबा हयात असताना ते सहसा ठेवत नाहीत, म्हणजे १८७० च्या आधीच), आणि दोन सर्व्हे नंबरांचा सारा भरणारी ही.

झाडावरून पिढी कशी गळली ते आता दिसतं. झाड काढणाऱ्या आजोबांनी जमिनीच्या कागदांवरून पुरुषांची नावं उचलली असणार. पहिल्या यादीत अ बिन ब, हक्कनोंदीत अ बिन ब. मध्ये एक बाई. झाडात बाई बसत नाही, ती सोडली. उरलेले दोन अ तंतोतंत सारखे, तर एकच धरले. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही. पण त्या आजोबांचं वळण आता मला चांगलं ओळखता येतं, कर्जरोख्याच्या पाठीवर त्यांचा ७ पाहून.

१० नोव्हेंबर

काकांना सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न: "ही बाई दुसरी कुणी नाही ना? म्हणजे उद्या कुणी उभं राहायचं, आम्ही तिचे वारस म्हणून."

"काका, तुम्हीच तिचे वारस."

ते थोडा वेळ गप्प. मग, "बरं. पण झाडावर काही खाडाखोड करू नकोस."

प्रश्न काकांनी वेगळ्या भीतीने विचारला, पण प्रश्न बरोबर होता. 'क'चा नवरा 'ब' हा थोरल्या 'अ'चाच मुलगा कशावरून? पुतण्या असेल. दत्तक असेल. सर्व्हे नंबर तेच आहेत म्हणजे जमीन तीच, रक्त तेच असं नाही. जमिनीखेरीज दुसरा साक्षीदार हवा.

६ डिसेंबर

नाशिक. तीर्थोपाध्यायांच्या वह्या. आधी फोनवर गाव, आडनाव सांगून आमचे उपाध्ये कोण ते काढलं होतं. घरी गेल्यावर त्यांनी गाव विचारलं, तालुका विचारला, त्या गावाचं जुनं नाव विचारलं (ते मला माहीत नव्हतं, त्यांना होतं), आणि फडताळातून लांबट, अरुंद वही काढली.

पणजोबा वडिलांच्या अस्थी घेऊन आले होते. नोंद १९१९ ची, सारख्या उभ्या अक्षरातली, शेवटी पणजोबांची सही, 'दस्तुर खुद्द'. पणजोबांचं हस्ताक्षर मी पहिल्यांदा पाहिलं. जोडाक्षर फोडून लिहायची सवय आजोबांना होती, ती कुठून आली ते कळलं.

नोंदीत पिता, पितामह, प्रपितामह. श्राद्धाला तीन पिढ्यांची नावं लागतात, म्हणून यात्रेकरूला ती सांगावीच लागतात, आणि सांगणारा तिथे सहसा चुकत नाही. नावं: अ, ब, अ.

तीन. झाडावर दोनच होते. थोरला अ, त्याचा मुलगा ब, त्याचा मुलगा धाकटा अ. थोरल्या अ चा बाप ब कर्जरोख्यातून येतोच. म्हणजे पणजोबांच्या वर चार पुरुष, ब-अ-ब-अ.

बायकांची नावं त्या वहीत नव्हती. उपाध्यांना विचारलं. म्हणाले, कुणी सांगितली तर लिहीत, तुमच्याकडच्यांनी सांगितली नाहीत.

२९ डिसेंबर

राहिलेल्या जागा, प्रामाणिकपणे.

मधला ब कधी गेला? १८७० आणि फेरमोजणी यांच्यात, एवढंच. १८७६ ते ७८ चा दुष्काळ बरोबर मध्ये येतो आणि मन तिकडे धावतं. घरात कुणाला सांगितलं तर आठवड्याभरात 'दुष्काळात गेले' अशी आठवण तयार होईल, म्हणून सांगितलेलं नाही. वहीत प्रश्नचिन्ह.

वरचा ब फक्त एक नाव आहे. 'बिन' च्या पलीकडे त्याचा एकही कागद नाही.

'क'चा मृत्यू. नमुना १४ मध्ये १८९० पासून १९१८ पर्यंत पाहिला, चिकटलेली पानं सोडून. त्यात 'ब'ची विधवा म्हणून कुणी नाही. चिकटलेल्या पानांत असेल, किंवा म्हातारपणी लेकीकडे दुसऱ्या गावी गेली असेल आणि तिथल्या वहीत असेल. तिला लेक होती का, हेच माहीत नाही. माहेर तर कुठेच नाही. बाईचं नाव लग्नात बदलायची रीत, म्हणून 'क' हे तरी तिचं पहिलं नाव होतं की नाही, कोण जाणे.

२३ जानेवारी २०२५

काकांनी स्वतः फोन केला. चौकटीची काच साफ करायला उतरवली होती, मागे काय लिहायचं असेल तर ये म्हणाले.

गेले. मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने पाच ओळी लिहिल्या: ब, अ, ब आणि क, अ आणि त्याची बायको, मग पणजोबा. प्रत्येकासमोर कागदाचं नाव आणि साल. पाचव्या ओळीला काका म्हणाले, "पणजोबांच्या बायकोचं पण लिही मग. ती मला आठवते." तेही लिहिलं. मग आजीचं. मग जागा संपली.

चिकटलेल्या पानांसाठी अर्ज केलाय. त्यांच्याकडे कागद सोडवणारा माणूस महिन्यातून एकदा येतो म्हणे. सोबत शेजारच्या दोन गावांच्या मृत्यूच्या वह्यांचाही अर्ज जोडला, १८९० ते १९२०. पावती वहीत चिकटवली आहे.